साथीच्या आराखड्यात माणसांच्या मनासाठी नेमकं काय लिहायचं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. अर्ध्या वाड्या खाली खाडीला, अर्ध्या वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर. ग्रामपंचायतीचा आपत्ती आराखडा नव्याने लिहायला घेतलाय. वादळ, पूर, दरड ही पानं भरून झाली: करवत कुणाकडे, जनरेटर कुणाकडे, शाळेची चावी कुणाकडे. साथीच्या पानावर मात्र मास्क, ऑक्सिमीटर, विलगीकरणाची खोली आणि धान्य यापुढे आमची गाडी सरकत नाही.

2020-21 मध्ये आपल्याकडची गावं धान्यावाचून मोडली नाहीत. वेशीवर बांबू आडवे टाकून मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना थांबवलं गेलं, पॉझिटिव्ह घराला विहीर बंद झाली, मयताला खांदा द्यायला माणसं मिळेनात. त्यातच 3 जून 2020 चं निसर्ग वादळ, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आणि 22 जुलैला चिपळूणचा पूर. काही घरांमधला अबोला अजून सुटलेला नाही.

आराखड्यात 'समुपदेशन करावे' एवढं एक वाक्य टाकून भागणार नाही, कारण गावात समुपदेशक नाही. हाताशी आहेत त्या आशाताई, अंगणवाडी सेविका, गुरुजी, पोलीस पाटील, गुरव आणि भजनी मंडळ. यांनी काय करायचं, कधी करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे जाणकारांनी लिहावं ही विनंती.

सिस्टर_रत्नागिरी

मनोविकार विभागात काम करते, त्या अंगाने लिहिते.

साथीत माणसाच्या मनाला होणारा त्रास बराचसा व्यवस्थेतून येतो, म्हणून तो व्यवस्थेनेच कमी करता येतो. फेब्रुवारी 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जुन्या साथींमधल्या विलगीकरणाचा आढावा आला होता. त्रास कशाने वाढतो? दिवस लांबल्याने, संसर्गाच्या धास्तीने, कंटाळ्याने, सामान कमी पडल्याने, माहिती धड न मिळाल्याने, कमाई बुडाल्याने आणि लोकांनी वाळीत टाकल्याने. यातल्या जवळपास सगळ्यांवर ग्रामपंचायतीच्या हाती काहीतरी आहे. म्हणून विलगीकरणाची खोली आणि गावाला माहिती देण्याची पद्धत हे तुमच्या आराखड्यातले मानसिक आरोग्याचे पहिले दोन मुद्दे धरा.

पहिल्या काही दिवसांत करायची ती मानसिक प्रथमोपचाराची तीन कामं: पाहा, ऐका, जोडा. पाहा म्हणजे कोण एकटं पडलंय, कोण जेवत नाही, कुणाच्या गोळ्या संपल्यात. ऐका म्हणजे शेजारी बसून तो बोलेल तेवढंच ऐकायचं, खोदायचं नाही. जोडा म्हणजे फोन लावून देणं, रेशन, औषध, नातेवाईक, तलाठ्याकडचा कागद. या तिसऱ्या कामाला लोक कमी लेखतात. पण तेव्हा कोविड मृत्यूच्या 50 हजारांच्या मदतीचा अर्ज कुणी नीट भरून दिला, त्या घराला जो आधार मिळाला तो दहा भाषणांनी मिळाला नसता.

करू नये ते: सगळ्यांना समाजमंदिरात बसवून 'तुमच्यावर काय प्रसंग आला ते सांगा' असा कार्यक्रम. असं एका बैठकीत मन मोकळं करायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने नाकारली आहे. फायदा होत नाही, काहींचा त्रास वाढतो. दुसरं, प्रसंगानंतर झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देणं. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा त्रासावर अल्प्राझोलाम, डायझेपाम गटातल्या गोळ्या देऊ नयेत, असंच मार्गदर्शन आहे. सवय लागते, आणि मनाची आपोआप सावरण्याची क्रिया अडते. आधीपासून रोज घेत असलेल्यांची मात्र एकदम बंद करायची नाही, झटके येऊ शकतात.

पहिला महिनाभर दचकणं, झोपमोड, तेच तेच आठवणं हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं. महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, माणूस त्या जागेकडे फिरकतच नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. आपल्याकडे कुणी 'मी उदास आहे' असं म्हणत नाही. छातीत धडधडतं, अंग जड झालंय, डोकं भणभणतं, 'जीव खंय लागना नाय' असं म्हणतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्यायचंच, पण त्याबरोबर दोन प्रश्न विचारा: गेल्या 2 आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, हताश वाटतं का? कधीच नाही 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त दिवस 2, जवळपास रोज 3. बेरीज 3 किंवा जास्त आली की पुढे पाठवा. आशाताई घरोघरी आरोग्याच्या जोखमीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात हे प्रश्न आहेतच. ते घाईत 'नाही, नाही' अशा खुणा करून भरले जातात, तेवढं टाळा.

आता गोळ्यांची वही. आराखड्यात हिला स्वतंत्र पान द्या. मार्च 2020 मध्ये एसटी बंद झाली आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत पोचणं अशक्य झालं. मनोविकाराच्या आणि फिटच्या गोळ्या तुटल्या की काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आजार उलटतो. वहीत फक्त घर क्रमांक, गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम, रोज किती, शिल्लक किती, शेवटची चिठ्ठी कधीची. आजाराचं नाव लिहूच नका. शिल्लक 15 दिवसांवर आली की मागणी करायची, संपल्यावर नव्हे. वही आशाताईंकडे, कुलपात.

दोन गोळ्यांसमोर लाल खूण करा. एक लिथियम. हे घेणाऱ्याला ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं, की रक्तातलं प्रमाण चढतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्याने लिथियम आणखी चढतं. दुसरी क्लोझापिन. ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर ते साथीचंच आहे असं धरून बसू नका, पांढऱ्या पेशींची तपासणी लगेच हवी.

टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा क्रमांक 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, 24 तास, फुकट, मराठीत बोलता येतं. रुग्णवाहिका 108, पोलीस व इतर तातडी 112. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं ते विचारून तोही वार लिहून ठेवा.

गटप्रवर्तक_ताई

सिस्टरांनी खोलीचं म्हटलंय, ते मी जरा उलगडून लिहिते. बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा घेतात आणि 'सोय झाली' म्हणतात. सोय झाली की नाही ते रात्री कळतं.

पावसाळ्यात शाळेच्या फरशीवर कुणालाही झोपवू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा बऱ्याचदा दुखतही नाही. बाकं जोडून फळ्या टाका किंवा बाजा आणा. मच्छरदाणी गादीखाली खोचायची. खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंत दिवा हवा आणि खोलीत एक बॅटरी. बायकांचं स्वच्छतागृह वेगळं, आतून कडी लागणारं, तिथे पॅड आणि झाकणाची बादली. बाईमाणूस रात्री बाहेर जायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, मग लघवीची जळजळ, ताप. तो ताप साथीचा समजून तिचा मुक्काम वाढवला जातो. चार्जिंगला बोर्ड माणशी एक. फोन मेला की त्या माणसाचं घरही तुटलं.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे सुटण्याच्या तारखेचा. आल्याच्या पहिल्या तासात लिहून, सही करून हातात द्या: अमुक तारखेला, इतक्या वाजता, तपासणीत काय दिसलं तर सोडणार, काय दिसलं तर ठेवणार. 2020 मध्ये 14 दिवसांचा नियम होता, गणपतीसाठी तो 10 वर आला, मग लोक तारखेवरून भांडत बसले. नियम बदलला तर जुना कागद परत घेऊन नवा द्या, तोंडी सांगू नका. नियम सोसतो माणूस, पण उद्या काय ते कळत नाही म्हटल्यावर चिडतो.

दिवसाला थोडा आकार द्या. सकाळी ठरल्या वेळी चहा, ताप आणि ऑक्सिजन मोजणं, अंगण झाडणं. झेपेल त्याला काम सांगा, चाकरमानी हौसेने करतात. आपल्याकडे शाळेच्या भिंती रंगवून गेलेत लोक. संध्याकाळी घरच्यांनी पटांगणाच्या गडग्यापलीकडे उभं राहून बोलायचं, दहा-पंधरा मिनिटं, रोज त्याच वेळी. आणि ज्याचं भेटायला कुणी येत नाही, त्याच्यासाठी भजनी मंडळातला एकजण नेमा.

माहितीबद्दल एकच नियम, पण कडक: बाधिताचं नाव सरपंच, आशा आणि पोलीस पाटील यांच्यापलीकडे जाणार नाही. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी गेली की दुसऱ्या दिवशी दूधवाला त्या घरी थांबत नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून लोक तपासणीला यायचे बंद होतात. गावाला सांगायचं ते रोज संध्याकाळी एकाच वेळी, देवळाच्या कर्ण्यावरून, एकाच माणसाने: आज किती तपासले, किती बरे होऊन घरी गेले, उद्या काय चालू, काय बंद. बरे झालेल्यांचा आकडा आधी. माहीत नसेल ते 'अजून कळलेलं नाही, उद्या सांगतो' असं स्पष्ट म्हणायचं. आणि चाकरमान्यांची बैठक मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाबरोबर आधीच घ्या. नियम त्यांच्या संमतीने ठरले तर वेशीवर हुज्जत होत नाही.

जाता जाता, आशाताईंना एकटीला दारोदार पाठवू नका. शिव्या, दगड, घरी परतल्यावर सासूचा विटाळ, सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. जोडीने जाऊ द्या, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि भत्ता वेळेवर.

दशक्रोशी

मयताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोकणात सगळ्यात खोल जखम तिथे झाली आहे.

15 मार्च 2020 च्या केंद्राच्या सूचना काढून वाचा. पिशवीची चेन कर्मचाऱ्याने उघडून नातेवाइकांना एकदा चेहरा दाखवण्याची मुभा त्यात होती. स्पर्श न करता होणारे विधी, म्हणजे पोथी वाचणं, गंगाजल शिंपडणं, चालत होते. आंघोळ घालणं, मिठी मारणं, चुंबन घेणं याला मनाई होती. आणि राखेपासून धोका नाही, ती गोळा करून पुढचे विधी करता येतात, हे स्पष्ट लिहिलं होतं. प्रत्यक्षात किती गावांत भीतीपोटी चेहरा दाखवला नाही, अस्थी घ्यायला कुणी गेलं नाही! नियमापेक्षा गाव जास्त कडक झालं, आणि त्याची किंमत त्या घरांनी मोजली. म्हणून आराखड्यात लिहा: पुढच्या साथीत त्या वेळच्या सूचनांत जेवढी मुभा असेल तेवढी पूर्ण द्यायची, तिच्यात गावाने काटछाट करायची नाही. दहा माणसांचं पथक आधीच नेमा, सर्व वाड्यांतून आणि सर्व समाजांतून. मुसलमान मोहल्ला असेल तर जमातीच्या लोकांशी दफनाचं आधीच बोलून ठेवा. एकाने फोनवरून लांबच्या मुलाला सगळं दाखवायचं, त्याला आधी विचारून.

ज्यांचं तेव्हा राहून गेलं त्यांच्यासाठी आजही करता येतं. वर्षश्राद्ध, सर्वपित्री, देवळात गाऱ्हाणं, भजनाची एक रात्र. गावाने त्या घरी जाऊन बसायचं, गेलेल्याचं नाव घेऊन बोलायचं. 'देवाची इच्छा', 'निदान तुम्ही तरी वाचलात' असलं काही नको. तो शेती कशी करायचा, शिमग्याला पालखी कशी नाचवायचा, ते बोला. ज्यांनी तेव्हा विहीर बंद केली, त्यांनी जावं आणि चूक झाली म्हणावं. मानकऱ्यांनी हे पुढाकार घेऊन घडवलं तर अबोला सुटतो, नुसत्या काळाने नाही सुटत.

सहा महिने उलटूनही कुणी गेलेल्याचं ताट रोज वाढत असेल, घराबाहेर पडत नसेल, आपणही जावं असं बोलत असेल, तर ते नेहमीचं दुःख राहिलेलं नाही. तिथे डॉक्टर हवा.

लहान मुलांना 'बाबा झोपलेत' सांगू नका, झोपायला घाबरतात. 'बाबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत, तुझ्याजवळ आजी आहे' इतकं साधं. तेच पुन्हा पुन्हा विचारतील, पुन्हा तेच सांगायचं.

खाडीकाठ

एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. सुटण्याच्या तारखेचा कागद आणि गोळ्यांची वही कालच्या बैठकीत मंजूर झाली.

तीन अडचणी राहिल्या. दारूची दुकानं अचानक बंद झाली तर पिणाऱ्यांचं काय? म्हातारी माणसं तापात भलतंच बोलायला लागली की लोक 'बाधा झाली' म्हणून भगताकडे नेतात, ते कसं थांबवायचं? आणि वादळात टॉवर पडला की 14416 चा उपयोग काय?

सिस्टर_रत्नागिरी

दारूचं आधी, कारण यात माणूस दगावतो. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम तुटली की 6 ते 24 तासांत थरथर, घाम, उलट्या. 48 तासांपर्यंत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेले किडे-माणसं दिसणं, ताप. हा शेवटचा टप्पा आयसीयूचा आहे. खोलीत कोंडून 'उतरेल आपोआप' म्हणू नका. आधी कधी फिट आलेली असेल किंवा सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागत असेल, तर दुकानं बंद झाल्याच्या दिवशीच ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथे गोळ्यांनी हळूहळू उतरवतात आणि थायमिन देतात, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, म्हणून दारूचं लपवू नका, दारातच सांगा. आणि सॅनिटायझर कुलपात: एप्रिल 2021 मध्ये यवतमाळच्या वणीत तो पिऊन माणसं मेली.

म्हाताऱ्यांचं बडबडणं. कालपर्यंत ठीक असलेला माणूस तासा-दोन तासांत किंवा एका दिवसात भलतंच बोलू लागला, मध्येच शुद्धीवर, रात्री जास्त, तर तो मनोविकार नाही आणि बाधाही नाही. शरीरातला आजार मेंदूपर्यंत पोचलाय: ऑक्सिजन कमी, सोडियम कमी, साखर कमी, लघवीचा संसर्ग, किंवा नवीन गोळी. बोटाला ऑक्सिमीटर लावा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखांवर रंग किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. 94 च्या खाली असेल तर 108. आकडे ठीक असले तरी त्याच दिवशी डॉक्टर. भगताशी भांडू नका. त्यालाच बैठकीला बोलवा आणि एवढंच मागा: अंगारा लाव, पण आधी ऑक्सिमीटर आणि साखर. बरेचजण ऐकतात, कारण रुग्ण त्यांच्या हातात मेलेला त्यांनाही नको असतो.

याच्या उलटही होतं. घाबरून श्वास लागलाय, हातांना, ओठांभोवती मुंग्या येतात, ऑक्सिजन 97-98. खात्रीसाठी 6 मिनिटं साधं चालवा. आकडा 94 च्या खाली गेला किंवा 3 पेक्षा जास्त उतरला तर हा नुसता घाबरटपणा नाही, रुग्णालय. ज्याला बसल्या जागीच धाप आहे त्याला चालवू नका. उतरला नाही तर शेजारी बसा, नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे हळू बाहेर, पाच मिनिटं. तोंडावर कागदी पिशवी धरू नका.

टॉवरचं गटप्रवर्तक ताई जास्त चांगलं सांगतील.

गटप्रवर्तक_ताई

निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. म्हणून सगळे क्रमांक आणि गोळ्यांची वही कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत. सड्यावर कुठे कुठल्या कंपनीची रेंज मिळते ती जागा नकाशावर दाखवा आणि रोज एका वेळी एक माणूस वाड्यांचे निरोप, गोळ्यांची यादी घेऊन तिथे जाईल असं ठरवा. ज्या घरातला माणूस बोटीवर किंवा आखातात आहे ती घरं यादीत वर. 2020 मध्ये खलाशी महिनोन् महिने जहाजांवर अडकले होते, इकडे बायकामुलं फोनच्या वाटेकडे डोळे लावून.

सिस्टरांनी औषधांचं सांगितलं, बोलण्याचं मी जोडते. उदासी अंगावर बसलेल्या माणसाला 'खंबीर हो' सांगून काही हलत नाही. गोव्यात संगथ संस्थेने साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून 6 ते 8 बैठकांचा कार्यक्रम चालवला, 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले, फायदा दिसला. मूळ सूत्र सोपं: मूड येण्याची वाट न बघता आधी एखादं छोटं काम. 'उद्या सकाळी फक्त माडांना पाणी', परवा 'पाणी आणि बाजारापर्यंत', आणि झाल्यावर कसं वाटलं ते विचारायचं. मोठं काम दिलं की पहिल्या दिवशीच मोडतं आणि 'माझ्याच्याने होत नाही' हे पक्कं होतं.

हापूस_देवगड

एक मुद्दा राहतोय. आंबा बागायतीच्या गावात प्रत्येक पडवीत फवारणीचं औषध असतं. कर्ज, बंद बाजार आणि घरात बसलेला माणूस, त्यात हाताशी बाटली. आराखड्यात घाला: औषध राहत्या घरात ठेवायचं नाही. वाडीत एक पत्र्याची पेटी किंवा खोली, दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, काढताना दोघंही हजर. लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतायचं नाही.

कुणी 'आता नको वाटतं' असं बोलला तर सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, 14416 लावा, सोबत दवाखान्यात जा. पोलिसांच्या भीतीने कुणी लपवू नये: मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

आणि कुणी प्यायलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, छातीत जातं. हातमोजे किंवा पिशवी हातात घालून अंगावरचे कपडे काढा, साबणाने धुवा, डाव्या कुशीवर ठेवा, 108, आणि बाटली लेबलासकट बरोबर द्या. कुठलं औषध ते कळलं तर डॉक्टरांची पहिली काही मिनिटं वाचतात.